आपली दाढी आपल्या हाती

रोज सकाळी उठून दाढी करायची, हा नियम कुणी काढला असेल? दात घासायचे, जीभ घासायची, आंघोळ केल्याशिवाय चहाखेरीज काही पोटात ढकलायचं नाही, हे आजीपासून धर्मशास्त्रापर्यंत सगळ्यांनी सांगून ठेवलं आहे. दाढीबद्दल मात्र कुठल्याच आजीने काही बजावल्याचं ऐकिवात नाही. तरीही दाढी राखण्याची अलीकडची फॅशन येईपर्यंत, नोकरदार माणूस दोन दिवसांचे खुंट घेऊन कचेरीत गेला की "काय हो, बरं नाही का?" अशी चौकशी ठरलेली असायची.

पुरुषाच्या सकाळच्या आवराआवरीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरंच काही बदललं. राखुंडी गेली, पेस्ट आली. शिकेकाई गेली, शांपू आला. पण ही कामं आपण आधीही आपल्याच हातांनी करत होतो. दाढीचं तसं नाही. ती दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची गोष्ट होती. तो दुसरा हात आपल्या सकाळीतून कसा गेला, हे बघायला लागलं की आपल्या समाजाचा एक भलताच तुकडा समोर येतो. आज त्याबद्दल थोडं.

आधी जुन्या वह्या चाळू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येवर एक अख्खा अध्याय आहे. पहाटे उठा, शौच उरका, मग दातवण करा. दातवणाची काडी करंगळीच्या टोकाएवढी जाड आणि बारा अंगुळं लांब हवी, इतकं बारकाईने सांगितलेलं आहे. डोळ्यांत अंजन, डोक्याला, कानांना आणि तळपायांना तेल, झेपेल त्याच्या निम्माच व्यायाम, उटणं आणि मग स्नान. गरम पाणी मानेच्या खाली घ्या, डोक्यावर घेतलंत तर केस आणि डोळे बिघडतील, हा सल्लाही तिथलाच. दाढी? केस, नखं आणि दाढी बारीक ठेवावी, एवढंच. चरकाने आकडा दिला आहे: पंधरवड्यातून तीनदा. म्हणजे पाच दिवसांतून एकदा.

वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तला नागरक म्हणजे त्या काळचा शौकीन शहरी बाबू. त्याचंही वेळापत्रक आहे. स्नान रोज, अंग रगडणं एक दिवसाआड, फेस येणाऱ्या द्रव्याने अंग धुणं तिसऱ्या दिवशी आणि दाढी चौथ्या दिवशी. गंमत म्हणजे या दाढीला तिथे 'आयुष्य' असा शब्द आहे, म्हणजे आयुष्य वाढवणारी ती. अत्तरं आणि विडे यांत बुडालेल्या त्या रंगेल गृहस्थालाही दाढी रोज करावीशी वाटत नव्हती.

रोज न करण्याचं एक कारण उघड आहे. स्वतःच्या गळ्यावर उघडा वस्तरा चालवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला धार लावायला कसब लागतं, आणि आरशात उलटं दिसत असताना ते पातं बरोबर कोनात धरायला त्याहून जास्त. त्यात चांगला आरसा तरी किती घरांत होता? म्हणून न्हावी हवा. तो आपली धोकटी घेऊन घरी येणार, ओसरीवर उकिडवा बसणार, समोर यजमान बसणार. धोकटीतून वस्तरा, कातर, नखं काढायची नऱ्हाणी, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा असं एकेक बाहेर येणार. साबणाचा फेस ही नंतरची चैन. आधी नुसतं पाणी लावून बोटांनी चोळचोळ चोळायचं आणि केस मऊ झाले की वस्तरा फिरवायचा. 'बिनपाण्याने करणे' हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याला त्या चोळण्याचं महत्त्व पक्कं ठाऊक असणार.

शिवाय तेव्हा 'हजामत' म्हणजे केवळ दाढी नव्हे. बहुतेकांचं डोकंही करायचं असे. शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा राखून बाकी सगळं तुळतुळीत. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्र्यं. ना. आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात या सगळ्या व्यवस्थेचं वर्णन सापडतं. दर खेपेला पैसे नाहीत, सुगीला धान्याच्या रूपाने बलुतं. हजामतीच्या जोडीला अंग रगडणं, लग्नकार्यात दिवटी धरणं, सांगावे पोचवणं अशी कामंही त्याच्याचकडे. आणि हजामतीचे दिवस पंचांग ठरवणार. एकादशीला नाही, अमावास्येला नाही, अमक्या वारी नाही. आमच्या भागातली बहुतेक सलूनं अजूनही सोमवारी बंद असतात.

आता मुख्य गोष्ट. ज्या माणसाच्या हातात आपला गळा निर्धास्तपणे द्यायचा, त्याच माणसाचा स्पर्श विटाळाचा मानायचा, अशी ही व्यवस्था होती. हजामत झाली की घरात कशालाही न शिवता थेट मोरीवर जायचं, डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच माणसांत यायचं. माझे आजोबा शेवटपर्यंत हे पाळत. आम्हा पोरांना ती पाच-दहा मिनिटं त्यांच्या जवळ फिरकायची बंदी असे. येणारे गृहस्थ आजोबांहून वयाने मोठे होते, पण घरातलं शेंबडं पोरही आत वर्दी द्यायचं ती "न्हावी आला" अशी. पोस्टमन आले, मास्तर आले, डॉक्टर आले आणि न्हावी आला. मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी बसतो, आणि तो कुणाच्या वाट्याला येणार हे फार आधी ठरलेलं असतं.

आधी दाढी आणि मग आंघोळ, हा आपल्याकडचा क्रम मला वाटतं इथून आला. आजही पुष्कळ घरांत तोच चालतो. कुणी विचारलं तर आपण सांगतो की फेस आणि केस धुऊन जावेत म्हणून. खरं तर सोयीच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की मऊ होतो आणि पात्याला सहज तुटतो. म्हणजे आंघोळीनंतरची दाढी जास्त सुखाची. पण विटाळ विसरला गेला आणि त्याने घालून दिलेला क्रम टिकला. सवयी अशाच टिकतात. कारण मरून जातं आणि कृती मागे उरते.

त्या हाताने एकदा नकार दिला होता, हे मात्र आपण सहसा आठवत नाही. ज्या वस्तऱ्याने यजमानाची दाढी व्हायची, त्याच वस्तऱ्याने त्याच्या घरातल्या विधवा सुनेचं, लेकीचं केशवपनही व्हायचं. यजमान आपल्या मर्जीने बसे. तिच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. त्यामागे सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. या बातमीची दखल पार लंडनच्या 'टाइम्स'ने घेतली. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' त्याच सुमारास 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली होती, आणि तिच्यातल्या यमूच्या केशवपनाने मराठी वाचक हादरला. कादंबरी आपल्याला शाळा-कॉलेजात शिकवली गेली. संपाचा धडा कुठे होता? सुधारणा म्हटलं की व्याख्यानं देणारे आणि पुस्तकं लिहिणारे आठवतात. पोटावर पाय येईल हे माहीत असूनही वस्तरा खाली ठेवणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

न्हाव्याचा हात कुणाला मिळणार नाही, हेही ठरलेलं होतं. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये एक प्रसंग सांगितला आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला ते एका इंग्रज न्हाव्याकडे गेले, तर त्याने काळ्या माणसाचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. गांधीजींनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. पुढचे बऱ्यापैकी जमले, मागचे पार बिघडले. कोर्टातले मित्र हसले, उंदरांनी कुरतडले का म्हणाले. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. त्यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे. गांधीजी म्हणतात, त्या न्हाव्याचा काही दोष नाही. त्याने काळ्यांचे केस कापले असते तर त्याची गोरी गिऱ्हाइकं गेली असती. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का? त्याचंच हे फळ.

महाराष्ट्रातल्या दलितांना हे सांगायला गांधीजींची गरज नव्हती. गावचा न्हावी गावच्या म्हशी भादरेल, पण महारवाड्यात, मांगवाड्यात वस्तरा घेऊन जाणार नाही, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं होतं. न्हाव्याने ठरवलं तरी सवर्ण गिऱ्हाईक त्याला जगू देणार नाही. ज्याला स्वतःला खालचं मानलं, त्याच्याच करवी आणखी खालच्यांना नकार देववायचा, ही या उतरंडीची करामत. राज्यघटनेने १९५० मध्ये अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणं हा गुन्हा ठरवला. कायद्याला ज्या गोष्टी नावानिशी लिहाव्या लागल्या, त्यांत दुकानं, पाणवठे आणि देवळं होती. साधी दाढीसुद्धा त्या 'सेवे'त येत होती.

हे सगळं चालू असताना साता समुद्रापार एक बाटल्यांच्या बुचांचा विक्रेता सकाळी बोथट वस्तऱ्याशी झगडत होता. किंग कॅम्प जिलेट त्याचं नाव. त्याच्या मालकाने, विल्यम पेंटरने, त्याला सल्ला दिला होता की लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असं काहीतरी शोधून काढ. १८९५ मध्ये त्याला सुचलं की धार लावायची भानगडच नको, पातळ पत्ती वापरा आणि टाका. इतकं पातळ पोलाद कडक करायचं कसं, हे कोडं विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पत्त्या. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि मग खप जो सुटला तो सुटलाच. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारकडून दाढीचं सामान मिळालं. लाखो तरुण घरी परतले ते रोज स्वतःची दाढी करायची सवय घेऊनच. ब्रिटिश सैन्यात तोवर मिशी सक्तीची होती, तीही सक्ती ऑक्टोबर १९१६ मध्ये उठली. गुळगुळीत चेहरा म्हणजे शिस्त, टापटीप आणि आधुनिकता, हे समीकरण याच काळात घट्ट झालं. साहेबाच्या कचेरीतून ते आपल्याकडे आलं.

सेफ्टी रेझरचं इथे काय झालं? ज्या कामाला पिढीजात कसब लागत होतं ते कुणाही कारकुनाला पाच मिनिटांत जमू लागलं. पंचांग बघायला नको, कुणाची वाट बघायला नको. विटाळाचा प्रश्न मिटला, कारण आपला हात आपल्याला कसा विटाळेल? सनातनी माणसाला यात सोवळं सांभाळल्याचं समाधान होतं, तर ज्याला न्हाव्याने नाकारलं होतं त्याला कुणाच्या दारात उभं न राहण्याचं. एकाच पत्तीने दोघांची दाढी केली. मला वाटतं, स्वच्छ दाढी आणि इस्त्रीचे कपडे यांचा आग्रह शिकलेल्या दलितांच्या पहिल्या पिढीत इतका का दिसतो, याचं उत्तरही थोडंफार इथे आहे. ज्याला नीटनेटकं राहण्याचीच मनाई होती, त्याच्यासाठी आरशासमोरची ती पाच मिनिटं नुसत्या टापटिपीची नसतात.

पत्ती मात्र महाग वाटायची. माझे वडील एक पत्ती किती दिवस चालवत, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. दाढी झाली की रेझरचे तीन भाग सुटे करायचे, पत्ती धुऊन पुसून तिच्याच कागदात गुंडाळून ठेवायची. धार गेली की ती काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने बोटाने दाबून पुढेमागे घासायची, की आणखी दोन दाढ्या निघत. पूर्वीच्या साध्या पोलादाच्या पत्त्या गंजत. १९६० नंतर स्टेनलेस स्टीलच्या आल्या आणि ही पेल्यातली कसरत हळूहळू थांबली. बाद पत्तीने पेन्सिलींना टोकं काढणं आणि उसवलेल्या शिवणी कापणं ही पुढची सेवा तिच्याकडून घेतली जायचीच.

२०१० मध्ये जिलेट कंपनीने भारतासाठी 'गार्ड' नावाचा रेझर आणला. रेझर १५ रुपयांना, पातं ५ रुपयांना. त्याआधीच्या एका रेझरची चाचणी कंपनीने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांना तो आवडला. इथे आल्यावर मात्र केस अडकून तो तुंबू लागला. कारण त्या विद्यार्थ्यांकडे वाहता नळ होता आणि इथला माणूस अंगणात किंवा खाटेवर बसून, छोटा आरसा टेकवून, वाटीभर पाण्यात दाढी करत होता. कंपनीची माणसं मग इथल्या घराघरांत जाऊन बसली आणि वाटीत खळबळला तरी साफ होईल असा रेझर बनवला गेला. हे वाचलं तेव्हा मला धोकटीतली वाटी आठवली. हात बदलला, पातं बदललं, वाटी तीच राहिली.

न्हाव्याचं काय झालं? बलुतं गेलं, रोख पैसा आला, खुर्ची आली, 'केशकर्तनालय' अशी पाटी आली. ओसरीवर उकिडवं बसणारा माणूस उभा राहिला आणि यजमान त्याच्या दुकानात येऊन रांगेत बसला. हा बदल मला फार मोठा वाटतो. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढे नव्या पत्तीचा आग्रह धरा असा प्रचार झाला आणि जुना वस्तरा जाऊन अर्धी पत्ती बसवायचा वस्तरा आला. समोर पुडी फोडून पत्ती मोडणं हा आता दुकानातला विधीच झाला आहे. आणि २०२० मध्ये टाळेबंदीत सलूनं तीन महिने बंद राहिली. महाराष्ट्रात २८ जूनला ती उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. स्पर्शाची भीती पुन्हा आली, पण या वेळी ती दोन्ही बाजूंना सारखी होती. गिऱ्हाइकाला न्हाव्याची आणि न्हाव्याला गिऱ्हाइकाची. शतकानुशतकं एकाच दिशेने चालत आलेल्या भीतीला विषाणूने समान न्याय दिला म्हणायचं.

आता इतकं पुराण लावल्यावर उपयोगाचंही चार शब्द सांगतो. मी उठल्यावर आधी दात आणि जीभ घासतो. मिश्री हिरड्यांना आणि तोंडाला घातक असते हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण जीभ घासायची आजीची शिस्त मात्र बरोबर होती. मग आंघोळ, मग दाढी. ब्रशने फेस गोल गोल फिरवत मिनिटभर तरी लावावा, म्हणजे केस उभे राहतात. पहिला हात केस वाढतात त्या दिशेनेच. हनुवटीखाली ही दिशा बदलते, ती बोट फिरवून एकदा समजून घ्यावी. उलटा हात मारायचाच तर पुन्हा फेस लावून. पातं दाबू नये. शेवटी गार पाणी आणि ओला तुरटीचा खडा, पण स्वतःचाच. पातं पुसून कोरडं ठेवावं आणि कुणालाही देऊ नये, भावालासुद्धा नाही. रोज केलीच पाहिजे असं काही नाही. कातडीला खाज सुटत असेल तर खुशाल नागरकासारखी चौथ्या दिवशी करावी.

असो. दाढी आपल्या हाती आली हे चांगलंच झालं. पण हात बदलला म्हणून भाषा बदलली नाही. एखाद्याची खरडपट्टी काढली की आपण 'हजामत केली' म्हणतो, एखादा बिनकामाचा वाटला की 'हजामत करायला जा' म्हणतो. प्रतापगडावर जिवा महाला होता, पन्हाळ्यावर शिवा काशीद होता, पंढरीच्या वाटेवर संत सेना न्हावी होते. त्यांची नावं आपण भक्तिभावाने घेतो, आणि शिवी द्यायची वेळ आली की त्यांच्याच धंद्याची देतो. केस मात्र मागून स्वतःचे स्वतःला अजूनही कापता येत नाहीत. महिन्याकाठी एकदा मी त्या खुर्चीत बसतो, मान खाली घालतो आणि मानेवर गार पातं टेकतं. तेवढ्या वेळापुरता तरी आपला सगळा भरवसा दुसऱ्या माणसावर असतो. घरी परतल्यावर मी "सलूनमधले दादा आज नव्हते, त्यांचा मुलगा होता" असं सांगतो. माझी मुलगीही "दादा आले होते का?" असंच विचारते. तिला यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नयेच.